धुक्यातली शिट्टी

आमच्या स्टोनी रन गावात सप्टेंबर सरत आला की सकाळी दरीतून धुकं वर चढतं आणि क्रॅट्झरांच्या सफरचंदाच्या बागेत येऊन बसतं. झाडांचे बुंधे दिसत नाहीत. नुसती लाल फळं हवेत टांगून ठेवल्यासारखी दिसतात. त्या धुक्यात कुठंतरी शिडीवर वेंडेल क्रॅट्झर असायचा. खालून हाक मारली की आधी एक पाय दिसायचा, मग दुसरा, आणि मग सावकाश सगळा वेंडेल खाली यायचा. त्याला कशाची घाई नसे. काही विचारलं तर तो जरा थांबायचा, जणू तुमचा प्रश्न पुरता जमिनीवर टेकू देत होता, आणि मग उत्तर द्यायचा. शाळेत तो माझ्या पुढच्या वर्गात होता. तेव्हाही असाच होता.

हा माणूस रविवारी दुपारी टीव्हीवर दिसतो, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना पटायचं नाही. दिसायचा म्हणजे त्याचे पाय दिसायचे. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू पोटाशी धरून, समोरच्यांची भिंत फोडत पळायचा खेळ. त्या खेळातल्या सगळ्यात मोठ्या, पगारी खेळाडूंच्या लीगमध्ये वेंडेल पंच होता. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, गुडघ्यापर्यंतची पांढरी तुमान, काळी टोपी. कॅमेरा चेंडूमागे धावे आणि मैदानाच्या कडेला क्षणभर दोन पोटऱ्या चमकून जात.

"तो बघ, वेंडेल!" आर्लीन म्हणायची. आर्लीन त्याची बायको, माझी शेजारीण.

"नुसत्या पायांवरून कसा ओळखतेस गं?"

"त्याचे मोजे मी धुते. तोंडापेक्षा पायांची ओळख जास्त आहे माझी."

वेंडेलला पंच केला तो ऑटो ह्लावाटीनं. ह्लावाटी आमच्या गावात अंत्यविधीची व्यवस्था करणारं दुकान चालवायचा. दुकानात काळा कोट, आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळांच्या सामन्यात पट्ट्यांचा शर्ट. एकदा त्याचा जोडीदार पंच तापानं पडला. ह्लावाटी कुंपणाशी आला, तिथं टेकून उभ्या असलेल्या तरण्या वेंडेलकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू ओरडत नाहीस. का रे?"

वेंडेल जरा थांबला. "बघतोय," म्हणाला.

"मग आत ये. आत उभं राहून बघ."

अशी सुरुवात झाली. ह्लावाटीनं त्याला नियम शिकवले, पण त्याआधी शिट्टी कशी धरायची ते शिकवलं. तोंडात नाही, हातात. बोटांत अडकवायची आणि हात छातीपाशी ठेवायचा. चेंडू मेला, म्हणजे तो डाव थांबला, असं वाटलं की हात तोंडापर्यंत न्यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात माणसाचे डोळे दुसऱ्यांदा बघून घेतात. आमच्या भागातले जुने पंच आजही असंच करतात, आणि तोंडात शिट्टी घेऊन धावणारा नवखा दिसला की हसतात.

"चेंडू आपला आपण मरतो, पोरा," ह्लावाटी म्हणायचा. "शिट्टीनं तो मरत नाही. आपण फक्त लोकांना सांगायचं, की गेला बुवा. माझ्या दुकानातही तेच. आधी खात्री, मग घोषणा. उलटं केलं तर फार ओशाळवाणं होतं!"

आणि तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं हे सांगे, की हसावं का नाही ते कळायचं नाही.

वेंडेल बरीच वर्षं शुक्रवारचा माणूस होता. खाणींच्या गावांतली छोटी मैदानं, खांबांवरचे पिवळट दिवे, सॉसेज भाजल्याचा वास, कुंपणापलीकडून शिव्या देणाऱ्या आया. मग तो शनिवारचा झाला. शनिवारी कॉलेजांचे सामने असतात. आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर तो रविवारचा झाला. रविवार हा पगारी खेळाडूंचा दिवस. आमच्याकडे पंचाची बढती अशी वारांनी मोजतात.

रविवारचा झाल्यावर पानगळभर तो चर्चला नसे, म्हणून पास्टर ओबरहोल्टझर त्याला चर्चच्या पायऱ्यांवर वसंतात गाठायचे. "काय वेंडेल, पानगळ संपली वाटतं? देवालासुद्धा रविवारीच सवड असते रे."

"तुमच्याकडे निदान कुणी चुकीचा निर्णय दिला म्हणून ओरडत नाही, पास्टर."

"तू माझ्या जागी येऊन बघ एकदा!"

सगळ्यात जास्त सोसलं ते आर्लीननं. फुटबॉलचा हंगाम आणि सफरचंदांचा हंगाम एकच. ऐन तोडणीत नवरा शनिवारी बॅग भरून विमानतळावर. ट्रॅक्टर आर्लीन चालवायची, तोडणीच्या माणसांना कामाला तीच लावायची, रस काढायचं यंत्रही तीच बघायची. "मला सासरी शंभर एकर बाग मिळाली आणि नवरा फक्त सोमवार ते शुक्रवार," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. पण त्याचा पट्ट्यांचा शर्ट ती कुणाला हात लावू देत नसे. स्वतः इस्त्री करायची, पट्टा पट्ट्याला जुळवून घडी घालायची.

मी एकदा त्याला विचारलं होतं, की एवढ्या हजारो लोकांच्या शिव्या खायला कशाला जातोस? रसाची बाटली हातात घेऊन आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो होतो. त्यानं बाटली खाली ठेवली. मग म्हणाला, "चेंडू हलला की सगळा आवाज निघून जातो. जसं कुणी पाण्याखाली डोकं घालावं. माणसं हळूहळू धावताना दिसतात. त्यांचा श्वास ऐकू येतो, कातड्यावर कातडं घासल्याचा आवाज येतो. आणि मग एक काहीतरी खरं घडतं. पाय रेषेच्या आत पडला, किंवा बाहेर. बाकी जगात असं कुठं असतं?"

"घरात असतं," आर्लीन म्हणाली. "चिखलाचे बूट दाराच्या आत आले, किंवा बाहेर राहिले."

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यानं कधी मोठ्यानं म्हटली नाही. हंगामाच्या शेवटी एक अंतिम सामना होतो. सगळा देश त्या दिवशी टीव्हीपुढे असतो. त्या सामन्याला प्रत्येक जागेसाठी लीगमधला एकच पंच निवडतात, वर्षभरात ज्याचे गुण सगळ्यात चांगले तो. खेळाडूंना लोक टाळ्यांनी मोजतात. पंचांचं मोजमाप फिल्मवर होतं. दर आठवड्याला लीगच्या ऑफिसात बसून त्यांचा एकेक निर्णय बघतात आणि गुण देतात. ज्या वर्षाची ही गोष्ट, ते वेंडेलचं शेवटचं वर्ष होतं. गुडघे पावसाळ्यातल्या दारासारखे कुरकुरायला लागले होते. आणि कडेच्या पंचांत त्याचं नाव सगळ्यात वर होतं. ऑफिसातल्या कुणीतरी तसं मुख्य पंचाला सांगितलं, मुख्य पंचानं वेंडेलला, आणि वेंडेलनं आर्लीनला. आर्लीननं मला सांगितलं ते स्वयंपाकघराचं दार लावून. फक्त एक सामना बाकी होता. तो चुकीवाचून पार पडला की झालं.

आर्लीननं त्या आठवड्यात नवीन मोजे आणले.

तो सामना मोठ्या सरोवराकाठच्या शहरात होता. डिसेंबर. दुपारपर्यंत बर्फ पडून गेला होता, आणि मग वारा थांबला आणि सरोवरावरून धुकं आत आलं. आम्ही टीव्हीवर बघत होतो. आधी पलीकडचे प्रेक्षक गेले. मग पलीकडचे खांब गेले. शेवटी पडद्यावर नुसता दुधाळ उजेड राहिला आणि त्यात मधूनमधून माणसांच्या सावल्या धावताना दिसत. समालोचक बिचारा अंदाजानं बोलत होता. आर्लीन म्हणाली, "ऑक्टोबरातली आपली बागच दिसतेय. फक्त फळं नाहीत."

पुढचं सगळं मला वेंडेलनं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, कितीतरी महिन्यांत.

यजमान संघाचा कोच ड्रॅगिच त्याच्याच बाजूच्या कडेला होता. लालबुंद चेहऱ्याचा, सामनाभर बडबडणारा माणूस.

"वेंडेल, ए वेंडेल! तुला तो पलीकडचा खांब दिसतोय का?"

"मला तूसुद्धा दिसत नाहीस, कोच. आवाज मात्र येतोय."

"तो काय, मेल्यावरही येईल!"

ड्रॅगिचचा संघ थोडक्यात मागे होता. वेळ संपत आली होती. एक टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेलं, की सामना त्यांचा आणि पुढच्या फेरीतली जागाही त्यांची. आणि थंडी अशी, की वेंडेलच्या शिट्टीतली बुचाची गोळी गोठून आतल्या बाजूला चिकटली. आधीच्या खेपेला त्यानं फुंकली तर नुसती हवा गेली. म्हणून त्यानं शिट्टी तोंडात धरली, ओठांच्या आणि श्वासाच्या उबेनं गोळी सुटावी म्हणून. गोळी सुटली. ती जिभेजवळ हलल्याचं त्याला कळलं. शिट्टी पुन्हा हातात घ्यायची, एवढ्यात समोर चेंडू हलला.

आणि नेहमीसारखा सगळा आवाज निघून गेला.

धुक्यातून ड्रॅगिचचा एक खेळाडू चेंडू पोटाशी घेऊन आला आणि माणसांच्या ढिगात शिरला. ढीग खाली बसला, एखादं मोठं जनावर गुडघे टेकतं तसा. वेंडेलला वाटलं, संपलं. हात वर न्यायचा असता तर तेवढ्या वेळात त्यानं पुन्हा बघितलं असतं. पण न्यायला काही नव्हतंच. शिट्टी ओठांतच होती. त्याचा श्वास गेला आणि शिट्टी वाजली.

बारीकशी वाजली. पाखरू झोपेत बोलावं तशी.

ढिगाच्या या बाजूनं तो खेळाडू बाहेर आला. चेंडू पोटाशीच होता. गुडघा जमिनीला टेकला की चेंडू मरतो, पण त्याचा टेकलाच नव्हता. वेंडेलच्या इतक्या जवळून तो धावत गेला की त्याच्या श्वासाची वाफ वेंडेलच्या गालाला लागली. आणि तो तसाच कडेकडेनं धुक्यात शिरला, पांढऱ्यात पांढरा होत गेला, आणि मग त्या टोकाकडून आधी थोडी माणसं ओरडली, मग सगळं मैदान. आमच्या घरातही ओरडलो आम्ही. शेवटच्या रेषेवरच्या पंचानं टचडाउन दिला होता.

नियम असा आहे, की शिट्टी वाजली की चेंडू तिथंच मेला. चुकून वाजली तरी. पण कुणी थांबलं नव्हतं. पाडणारे थांबले नव्हते, पळणारा थांबला नव्हता. पन्नास-साठ हजार माणसांच्या आरोळीत ती शिट्टी एका माणसाखेरीज कुणाच्याही कानापर्यंत पोचली नव्हती. आणि ऑफिसात जी फिल्म बघून गुण देतात, तिला आवाज नसतो.

वेंडेल म्हणाला, "मी तिथं उभा होतो आणि वाटत होतं, की मी शेताच्या बांधावर आहे. आता कुणी हाक मारेल जेवायला."

हाक कुणी मारली नाही. तो चालायला लागला. धावला नाही, चालला. मैदानाच्या मध्यावर पांढरी टोपी दिसत होती. पांढरी टोपी म्हणजे मुख्य पंच, लमार ओगलट्री. दक्षिणेकडच्या एका शाळेचा हेडमास्तर, हळू बोलणारा.

"लमार, मी शिट्टी वाजवली."

ओगलट्रीनं त्याच्याकडे बघितलं. "कधी?"

"ढिगापाशी. तो बाहेर यायच्या आधी."

"मी नाही ऐकली."

"मी ऐकली."

"कुणीच थांबलं नाही, वेंडेल."

"माहीत आहे."

ओगलट्रीला सगळं ठाऊक होतं. गुण, नाव, शेवटचं वर्ष. वेंडेलचं नाव वर आहे हे त्यानंच तर सांगितलं होतं. त्यानं टोपी नीट बसवली. मग त्यानं एवढंच विचारलं, "चेंडू कुठं होता?"

वेंडेलनं परत चालत जाऊन बर्फातली ती जागा पायानं दाखवली.

ओगलट्रीनं डोक्यावर हात हलवून टचडाउन मोडीत काढला. ड्रॅगिच मैदानात धावत आला. "कसली शिट्टी? कुणाची शिट्टी? मी ऐकली नाही, माझ्या एकाही पोरानं ऐकली नाही, या अख्ख्या शहरानं ऐकली नाही!"

"माझी," वेंडेल म्हणाला. "चुकून वाजली, कोच. माझी चूक."

"मग चूक गिळून टाक ना, बाबा! गिळता येत नाही तुला?"

"तोंडात होती म्हणूनच तर झालं," वेंडेल म्हणाला. हे तो विनोद म्हणून बोलला नव्हता. ड्रॅगिच त्याच्याकडे बघतच राहिला. तोंड उघडं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यातून आवाज नाही.

ड्रॅगिचच्या संघाला चेंडू त्या जागेवरून पुन्हा खेळायला मिळाला. वेळ होता तो एकाच प्रयत्नापुरता. त्यांनी लांब फेकला. चेंडू धुक्यात वर गेला, आणि काही क्षण कुणालाच ठाऊक नव्हतं तो कुठं आहे. सगळे वर बघत होते. मग मैदानाच्या एका कोपऱ्यात तो बर्फावर टप्पा खाताना सापडला. कुणी झेलला नव्हता. सामना संपला, ड्रॅगिचचा संघ हरला.

पंच बोगद्याकडे निघाले तेव्हा वरून बर्फाचे गोळे आले. "ए झेब्रा! कान गहाण ठेवलेस का?" "याला सफरचंदं विकायला पाठवा रे!" हे शेवटचं ज्यानं म्हटलं, त्याला वेंडेल कोण हे माहीत असणं शक्य नव्हतं. तो आपला तोंडाला येईल ते ओरडला असणार. पण वेंडेलला त्याचं हसू आलं.

पंच कपडे बदलायच्या खोलीत आले. वेंडेलची बोटं इतकी बधिर झाली होती की बुटांच्या नाड्या सुटेनात. ओगलट्री आला, पांढरी टोपी बाकावर ठेवली, खाली गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्या नाड्या सोडल्या. आधी एक बूट, मग दुसरा.

घरी आल्यावर आर्लीननं त्याच्यापुढे बटाट्याचं सूप ठेवलं. मी उठून निघाले होते, तर म्हणाली, "बस गं." मग नवऱ्याला विचारलं, "कुणी ऐकली होती?"

"नाही."

"मग?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "खेळ तिथंच संपला होता, आर्लीन. पुढं झाला तो खेळ नव्हता. नुसतं पळणं."

आर्लीननं त्याच्या ताटलीत पाव ठेवला. "सूप गार होतंय," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पुढच्या वेळी तोंडात सफरचंद धर. काही वाजणार तरी नाही." आणि मग ती सिंकपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली, धुवायला काही नसताना.

ऑफिसातून फोन आला तो बुधवारी. मी रसाच्या बाटल्या न्यायला गेले होते, वेंडेल भिंतीशी उभा राहून बोलत होता. पलीकडचा माणूस भला असावा. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

"फिल्ममध्ये काहीच दिसत नाही, वेंडेल. तुझी जागा बरोबर, नजर बरोबर. मी गुण कसे कापू?"

"शिट्टी चुकून वाजली, असं लिहा."

"तुझं नाव वर होतं."

"हं."

"आता नसेल."

"नाहीच असायचं." मग वेंडेलनं विचारलं, "कुणाला मिळालं?"

पलीकडून एक नाव आलं.

"चांगला आहे तो," वेंडेल म्हणाला. "हातात धरतो."

अंतिम सामन्याच्या रविवारी अख्खं गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमलं होतं. मोठा टीव्ही, मोठ्या पातेल्यात राजमा-खिम्याची आमटी, आणि वाफेनं गुदमरायला झालं म्हणून दार दगड लावून उघडं ठेवलेलं. आर्लीन आणि मी गेलो नाही. वेंडेल सकाळपासून बागेत छाटणी करत होता. तेच दिवस असतात छाटणीचे. फांद्या उघड्या असतात, झाड काय म्हणतंय ते दिसतं. आम्ही त्याच्यासाठी सफरचंदाची गरम पाई घेऊन वर गेलो. बर्फ नव्यानं पडला होता, आणि दुपार असूनही उजेड झोपेतल्यासारखा होता.

तो शिडीवर होता. आम्ही खाली उभ्या राहिलो. कात्रीचा आवाज, मग फांदी बर्फात पडल्याचा मऊ आवाज, मग काहीच नाही.

आणि मग खालून, हॉलच्या उघड्या दारातून, आरोळी उठली. बागेतून वर येता-येता ती पातळ झाली होती, नुसती ऊब राहिल्यासारखी. वेंडेलची कात्री थांबली. त्यानं दोन्ही हात सरळ वर केले, एका हातात कात्री तशीच, टचडाउन झाला की पंच करतात तसे. शिडीवर, उघड्या फांद्यांच्या मध्ये, हात वर करून तो उभा राहिला.

"काय रे, बघायला येतोस का खाली?" आर्लीननं विचारलं. "अजून वेळ आहे."

त्यानं हात खाली घेतले नाहीत. तो ऐकत होता. आरोळी चढली, टिकली, मग हळूहळू खाली बसली. पण निर्णय परत घेतला की मध्येच मोडते तशी मोडली नाही.

"झाला," वेंडेल म्हणाला. "खराच झाला."

मग हात खाली घेतले, आणि पुढची फांदी धरली.